आज पायांचा विषय नको

लोकांच्या घरी तिन्हीसांजेला शुभंकरोती व्हायची. आमच्या घरी आधी पाय, मग शुभंकरोती.

अंबरनाथच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे सामाईक व्हरांडा. बाबा ड्युटीवरून आले की मोरीत हातपाय धुऊन व्हरांड्यात पाट टाकून बसायचे आणि म्हणायचे, "फॉलिन!" मग मी आणि माझे दोन धाकटे भाऊ भिंतीला हात लावून पाठमोरे उभे राहायचो आणि एक पाय गुडघ्यात दुमडून मागे उचलायचो. बाबा तो पाय हातात घेत, तळवा अंगठ्याने दाबून बघत, बोटांच्या बेचक्या तपासत, टाच उजेडाकडे वळवत आणि म्हणत, "ठीक. दुसरा." शेजारीण तांदूळ निवडता निवडता बघत बसायची. तिला फुकटात करमणूक होती. गुदगुल्या होऊन आम्ही वळवळलो की बाबा जिभेने टाळूवर "च्यक च्यक" असा आवाज काढत, आणि तरीही वळवळ थांबली नाही तर ओरडत, "हिलना नहीं!" त्या दोन शब्दांत अशी काही जरब होती की शेजारणीचा हातसुद्धा सुपात थांबायचा.

आता खोटं कशाला सांगू, हे सगळ्यांच्या घरी होत असेल असंच मला बरीच वर्षं वाटत होतं.

बाबा मिलिटरीत होते. सतरा वर्षं. पण बंदूक घेऊन सरहद्दीवर उभे वगैरे नव्हते. ते खेचरांच्या तुकडीत होते. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे पिठाची पोती, रॉकेलचे डबे, दारूगोळा, आणि वेळ आली तर तोफेचे सुटे केलेले भाग खेचरांच्या पाठीवर घालून वर पोचवायचे. भरतीच्या वेळची गोष्ट ते फार खुशीत सांगत. बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा अठरा वर्षांचा पोरगा. साहेबाने विचारलं, "तुला काय काय येतं?" बाबा म्हणाले, "बैल येतो." साहेब हसला आणि बाबांच्या हातात खेचराचा लगाम आला.

"खेचर तोंडानं सांगत नाय, बाय," बाबा मला म्हणायचे. आमच्याकडे थोरल्या मुलीला 'बाय' म्हणतात. "ते पायानं सांगतं. खुरात खडा गेला तर पहिल्या पावलालाच सांगतं. आपल्याला बगता आलं पायजे. नाय बगितलं तर तिसऱ्या दिवशी जनावर बसतं, आणि वर चौकीवरची माणसं उपाशी ऱ्हातात." म्हणून रोज संध्याकाळी आधी खेचरांचे पाय बघायचे, त्यांना खरारा करायचा, पाणी दाखवायचं, चंदी घालायची आणि मग स्वतःचं जेवण. आधी जनावर, मग जवान. तिकडे तो नियमच होता.

तो नियम बाबांनी पेन्शनबरोबर घरी आणला. ऐंशीच्या सुमाराला ते कायमचे आले आणि आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. तोवर आमच्या दृष्टीने बाबा म्हणजे वर्षातून दोन महिने येणारा, आक्रोड आणणारा पाहुणा. आता पाहुणा घरातच राहिला. सगळ्यात पहिली पंचाईत झाली ती जेवणाची. आमची आई इतर बायकांसारखीच सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी. आणि बाबा म्हणत, सगळे जेवल्याशिवाय मी बसणार नाही. झालं! जगात कुठे शेवटच्या नंबरासाठी भांडणं होतात का? आमच्याकडे रोज व्हायची.

"तुम्ही बसा हो, मी मागनं घेते."

"आधी तू. नियम आहे."

"म्हणजे मी जनावर का?"

"तू सुभेदार. बस गपचूप."

शेवटी दोघं एकदम बसत आणि पहिला घास कुणी घ्यायचा यावर पुन्हा थोडा वेळ जाई. भाकरीचं पार चामडं व्हायचं.

दुसरा नियम वजनाचा. दोन्ही अंगांना ओझं सारखं हवं, नाहीतर पलाण कलतं आणि जनावराची पाठ सोलवटते. आई एका हातात भाजीची पिशवी घेऊन वळणावर दिसली की बाबांचा जीव कासावीस व्हायचा. ते धावत जाऊन अर्धी भाजी दुसऱ्या पिशवीत भरून तिच्या दुसऱ्या हातात द्यायचे. "अहो, मग तुम्हीच घ्या ना एक!" असं आई म्हणायची, की मग ते दोन्ही पिशव्या घ्यायचे, पण एकेका हातात एकेक. एकदा तिने अख्खं कलिंगड आणलं होतं. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. कलिंगडाचं काय करावं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

हे सगळं आता हसून सांगते, पण तेव्हा मला या खेचरांचा वैताग आला होता. त्याला कारण घडलं ते पाचवीत. माझं दप्तर एका खांद्यावर असायचं. बाबांनी दोन संध्याकाळी बसून जाड कॅनव्हासचं नवीन दप्तर शिवलं. डावीकडे एक कप्पा, उजवीकडे एक कप्पा, दोन्ही खांद्यांवरून पट्टे आणि पोटावरून एक बक्कल लावायचा पट्टा. त्या पट्ट्याला ते 'तंग' म्हणायचे. घट्ट ओढून, दोन बोटं आत घालून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल!" वर्गात फॅक्टरीच्या कॉलनीतल्या, ऑफिसरांच्या मुली होत्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, हे असलं काय आणलंस? मी बावळट. मोठ्या अभिमानाने सांगितलं की माझे बाबा मिलिटरीत खेचरांवर असंच सामान बांधायचे. झालं. पाचवीपासून सातवीपर्यंत माझं नाव 'खेचर' होतं. आठवीत शाळा बदलली तेव्हा पहिल्याच दिवशी कुणी विचारायच्या आत मी सांगून टाकलं, "माझे बाबा तोफखान्यात होते."

ही थाप पुढे अशी काही रुळली की मलाच ती खरी वाटायला लागली. आणि अगदीच खोटी तरी कुठे होती? तोफा त्यांच्या खेचरांनी वाहिल्याच होत्या की!

बी.कॉम. झाल्यावर मला आनंदनगरमध्येच एका कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली. तिथल्या लॅबमध्ये एक केमिस्ट होता. त्याच्या रिपोर्टांमध्ये टायपिंगच्या चुका नसतानाही तो दुरुस्ती घेऊन यायला लागला तेव्हा मी काय ते समजले. यांनाच मी पुढे तीस वर्षं 'अहो' म्हणत आले. तर या अहोंनी एकदा कँटीनमध्ये विचारलं, वडील काय करायचे? माझ्या तोंडून सवयीने गेलं, "तोफखान्यात होते." ते इतके खूश झाले! म्हणाले, "माझ्या बाबांना तोफांचं भयंकर वेड आहे." पण मी बोलून गेले होते.

त्यांचं घर बदलापूरला. स्वतःचं, बैठं, अंगणात पेरूचं झाड. वडील सरकारी कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त. जातीतलेच होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता पायरीचा. ऑफिसरचा मुलगा आणि वॉचमनची मुलगी. त्यात तोल साधायला माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाबांचा तोफखाना. रविवारी दुपारी अहो आणि त्यांचे आईवडील आमच्याकडे येणार असं ठरलं आणि मी शनिवारी संध्याकाळी, पाय बघण्याच्या वेळेला, बाबांना सगळं सांगितलं.

बाबा पाटावर बसून होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खेचरांत काय वाईट होतं?"

मला काय तेव्हा अक्कल. मी फटकन म्हणाले, "बाबा, लोक हसतात."

"हं," बाबा म्हणाले आणि उठून सायकलला तेल घालत बसले. साखळीला तेल घातलं, पेडलला घातलं, घंटीला सुद्धा घातलं. नंतर आत येऊन म्हणाले, "मी खोटं बोलणार नाय. गप्प ऱ्हायचं असेल तर गप्प ऱ्हातो. हुकूम तुझा."

"आणि बाबा, पायांचा विषय नको."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच. उद्या एक दिवस पायांचा विषय नको म्हणजे नको."

"बरं," म्हणाले.

रविवारी गल्ली पाइपसाठी खोदून ठेवली होती, त्यामुळे रिक्षा कोपऱ्यावरच थांबली आणि पाहुणे चालत आले. बाबा इस्त्रीच्या शर्टात व्हरांड्यात उभे. पुढे अहोंचे वडील, मागे अहो, त्यांच्या मागे त्यांची आई. बाबांचे डोळे बारीक झाले. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मागची. डावा पाय."

"बाबा!"

"नाय, नाय. मी गप्पच आहे."

चहापोहे झाले. म्हणजे आम्ही दिले. अहोंच्या वडिलांनी खुर्ची पुढे सरकवून तोफांना सुरुवात केली. कुठल्या तोफा? बाबा म्हणाले, डोंगरी. सुट्या करता येत होत्या का? येत होत्या, आणि मग प्रत्येक भागाचं वजन बाबांनी किलोत सांगितलं, एकदाही न अडखळता. ते गृहस्थ हरखून गेले. "आणि पल्ला किती?" बाबा म्हणाले, "ते मला सांगता येणार नाय." "बरोबर! बरोबर आहे!" ते मुलाकडे बघून म्हणाले, "सांगायचं नसतं त्यांना." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांत लिंबू पिळत होते, पिळून पिळून सालाचा चोथा केला.

पण खरं संकट वेगळीकडेच होतं. अहोंच्या आई आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला आठी. पोह्यांना हात लावला नाही. भिंतीकडे बघून आठी, कपाटाकडे बघून आठी, माझ्याकडे बघून सगळ्यात मोठी आठी. आई मला कोपराने ढोसून विचारत होती, काय गं चुकलं? मला काय माहीत! एवढंच कळत होतं की हे लग्न काही होत नाही. पंधरा मिनिटांत त्या उठल्या. "निघू या," म्हणाल्या. आमच्या दोन खोल्या एकदम फारच लहान दिसायला लागल्या.

सगळे दारापर्यंत गेले. त्यांनी चपलेत डावा पाय घातला आणि उंबऱ्यावर एक पाऊल टाकलं. एकच.

"हिलना नहीं!"

अख्खी चाळ थांबली. त्या माऊलीचा पाय हवेतच राहिला.

"ताई, भिंतीला हात लावा," बाबा म्हणाले. आणि काय सांगू, त्यांनी लावला! ऑफिसरच्या बायकोने, गर्भरेशमी साडीत, आमच्या चुना लावलेल्या भिंतीला दोन्ही हात टेकले. बाबांनी त्यांच्याकडे पाठ करून, खाली वाकून, त्यांचा पाय मागच्या बाजूने उचलून आपल्या दोन गुडघ्यांत धरला. खेचराची नाल बघताना धरतात तसा, अगदी तंतोतंत. जिभेने "च्यक च्यक" केलं. पोरीचा बाप लग्नात जावयाचे पाय धुतो हे माहीत होतं, पण विहिणीचा पाय असा कुणी धरल्याचं मी तरी ऐकलेलं नव्हतं. आईने पदर तोंडावर घेतला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"डबा," बाबा म्हणाले. धाकट्याने पत्र्याचा डबा आणला. त्यात चिमटा, टिंचर, कापूस आणि पट्ट्या असायच्या. टाचेत चपलेचा बारीक खिळाच घुसला होता, आणि टोक आत मोडून राहिलं होतं. बाबांनी ते एका झटक्यात बाहेर काढलं, बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवलं, जखम धुतली, टिंचर लावलं, पट्टी बांधली. अहोंच्या आईने एवढा मोठा श्वास सोडला की शेजारणीने तांदळाचं सूप खाली ठेवलं. कपाळावरची आठी गेली. आठीखाली एक चांगली हसरी बाई होती, ती आम्हाला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

"सकाळपासून टोचत होतं हो," त्या म्हणाल्या. "पण बोलायची सोय नव्हती. हे म्हणत होते ही चप्पल घेऊ नकोस, आणि मीच हट्टाने कॅम्प चारच्या बाजारातून घासाघीस करून आणली. दिवसभर सांगतेय, किती मऊ आहे, किती मऊ आहे!"

"तोफखान्यात हेही शिकवतात?" अहोंच्या वडिलांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून तो चिमटा होता. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि मला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता. ते नुसते बघत राहिले, हुकुमाची वाट बघत. सतरा वर्षांत त्यांनी कुणाच्या हुकुमाची इतकी वाट बघितली नसेल. मला माझीच लाज वाटली.

"बाबा तोफखान्यात नव्हते," मी म्हणाले. "खेचरांच्या तुकडीत होते. सतरा वर्षं. तोफखाना मी सांगितला. ते नाही म्हणत होते."

अहोंच्या आई आपल्या पट्टीकडे बघत हळूच म्हणाल्या, "म्हणजे आत्ता माझा पाय तुम्ही खेचराचा म्हणून धरलात?"

"नाय ताई," बाबा मनापासून म्हणाले. "खेचर एवढी कळ काढत नाय. ते पहिल्या पावलालाच सांगतं."

त्या जे हसायला लागल्या, ते भिंत धरून हसायला लागल्या. पण त्यांचे यजमान हसले नाहीत. ते चष्मा पुसत म्हणाले, "खेचरांचं काही नाही हो. पण मुलगी खोटं बोलली. कळवतो आम्ही." त्यांचं चूक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात अहो तेवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचंस." आणि दोन दिवस एकही रिपोर्ट दुरुस्तीला आला नाही.

आता शहाण्या बापाने काय करावं? घरी बसून निरोपाची वाट बघावी. आमचे बाबा सोमवारी संध्याकाळी ड्युटी संपवून, हँडलला डबा अडकवून सायकलने थेट बदलापूरला.

"अहो, मुलीचा बाप असा उठून त्यांच्या दारात जातो का?" आईने डोक्याला हात लावला. "त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही!"

"पट्टी बदलायची आहे. जखम बंद होईपर्यंत जनावर सोडायचं नसतं."

"त्यांना जनावर म्हणू नका हो!"

मंगळवारी गेले. बुधवारी गेले. गुरुवारी साडेआठ वाजवून आले. मी दारातच उभी. "काय म्हणाले?" "कोण?" "अहो बाबा, ते! सासरे! म्हणजे, त्यांचे वडील!" बाबा म्हणाले, "ते होय. ते विचारत होते, चढावर माणूस पुढं चालतो की खेचर. मी सांगितलं, खेचराला रस्ता माहीत असेल तर खेचर. मग त्यांनी नाल कशी ठोकतात ते विचारलं. वहीत लिहून घेतलं." शुक्रवारी येताना बाबांकडे पेरू होते, दोन पिशव्यांत, हँडलच्या दोन्ही बाजूंना सारखे.

शनिवारी आले आणि डबा फळीवर ठेवून म्हणाले, "बंद झाली जखम."

"आणि?"

"आणि काय? टाच आठवडाभर कोरडी ठेवायची."

"बाबा, लग्नाचं!"

"ते मी कसं विचारणार? मी पायासाठी गेलो होतो." असं म्हणून शर्ट काढून खुंटीला लावला आणि मग आठवण होऊन खिशातून घडी केलेला कागद काढला. "हां, हे दिलंय त्यांनी." कागदावर साखरपुड्यासाठी दोन तारखा लिहिल्या होत्या. आईने त्यांच्या अंगावर उशी फेकली. पुढे एकदा सासूबाईंना विचारलं मी, तुम्ही कशा हो म्हणालात? त्या म्हणाल्या, "तू खोटं बोललीस, पण भर दारात खरंही तूच बोललीस. आणि मी तरी कुठे खरं बोलत होते गं, दिवसभर चप्पल मऊ, चप्पल मऊ!"

लग्न अंबरनाथलाच झालं, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाबांना पायात कॅनव्हासचे पीटी शूजच घालायचे होते. मी म्हटलं, काही नको, मुलीच्या लग्नात बाप पीटी शूज घालणार? मीच कॅम्प चारला जाऊन त्यांच्यासाठी काळे चकचकीत बूट आणले. दुकानदार सिंधी काका पेटी उघडून म्हणाले, "साईं, बेटी की शादी है ना? ये पहनाओ बाप को. मक्खन है मक्खन!" बाबांनी ते घालून दोन पावलं टाकली आणि म्हणाले, "छान आहेत."

पाय धुण्याच्या विधीला मात्र व्हायचं तेच झालं. अहो पाटावर बसलेले, आई पाण्याची धार धरून, आणि बाबांनी पाय धुता धुता उचलून उलटा केला. "डाव्या करंगळीला कुरूप होतंय," म्हणाले. "बूट बदला." भटजी म्हणाले, "यजमान, पाय खाली ठेवा, मुहूर्त निघून जाईल." अख्खा हॉल हसत होता. मीही हसत होते, आणि मला कुणी खेचर म्हटलं असतं तरी त्या दिवशी चाललं असतं.

जेवणं झाली. बाबा प्रत्येक पंगतीत फिरून वाढप्यांना हाकत होते. चारच्या सुमाराला बदलापूरला जायची गाडी फुलं लावून दारात आली. आई रडत होती, भाऊ रडत होते. बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाय."

मी शालू सावरत हॉलच्या भिंतीला हात लावला आणि पाय मागे उचलला. त्यांनी मेंदीचा तळवा अंगठ्याने दाबला, बेचक्या बघितल्या, टाच उजेडाकडे वळवली. "ठीक," म्हणाले. "दुसरा." दुसरा पाय त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मला दिसत नव्हतं, पण तळव्यावर पाणी पडलेलं कळलं.

तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "आणि तुमचे कोण बघतं हो?"

"माझे?" बाबा म्हणाले. "माझ्या पायांना काय धाड भरलीय!"

"सकाळपासून बघतेय मी. उजवा टेकत नाही तुमचा."

मी वळले. लहानपणापासून हजारो संध्याकाळी भिंतीला हात लावून उभी राहिलेली मी, आणि ते बघितलं कुणी, तर सहा दिवस पट्टी बांधून घेतलेल्या बाईने. बाबांचे पाय मी एकदाही बघितले नव्हते. घरात कुणीच नाही.

"बाबा, भिंतीला हात लावा."

"अगं, गाडी थांबलीय. लोक..."

"हात लावा."

त्यांनी लावला. मी शालूसकट खाली बसले आणि त्यांचा बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. बूट चावून चावून कातडी निघाली होती आणि मोज्याच्या आत सगळं लाल झालं होतं. सकाळी सहापासून ते त्याच पायावर धावत होते. जेवलेही नव्हते, हे मला माहीत होतं. सगळे जेवल्याशिवाय कसे जेवतील?

"दुखतंय म्हणून सांगता येत नाही?" मी ओरडले. मला रडू आवरेना. "खेचर तरी सांगतं ना पहिल्या पावलाला!"

"तू आणलेस ना बूट," बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "चांगले आहेत."

धाकटा डबा आणायला घराकडे पळाला होता. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सासऱ्यांनी बाहेर जाऊन त्याला गप्प केलं. आईने एका ताटात पुरी आणि श्रीखंड वाढून आणलं आणि उभ्या उभ्याच बाबांच्या तोंडाशी घास धरला. "आधी तू," बाबा म्हणाले. आईने घास तोंडात कोंबला.

"बरं, झालं आता," ते तोंडातला घास सावरत म्हणाले आणि पाय सोडवून घ्यायला लागले. "ऊठ बाय. उशीर होतोय. जा."

मी पाय घट्ट धरला.

"हिलना नहीं," मी म्हणाले.

आणि बाबा हलले नाहीत.